‘वादळ गेलं’ असं ग्रुपवर लिहिणारा मीच होतो

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आई-बाबा मुरुडच्या बाजूला गावी, तुम्ही ठाण्यात. अरबी समुद्रात डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झालंय, परवापर्यंत चक्रीवादळ होऊन किनाऱ्याकडे येईल म्हणतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे माणसं, आणि ‘लाइव्ह अपडेट तू सांभाळ’ म्हणून सगळ्यांनी तुमच्या गळ्यात माळ घातलीय. कसं करू, कुणाचा मेसेज खरा मानू, हा तुमचा प्रश्न. हेच काम मी २०२० साली केलं होतं आणि फार वाईट केलं होतं, म्हणून लिहितोय.

कौलं, औषधं, पिण्याचं पाणी, टॉर्च यावर काही सांगत नाही. ते तुमच्या आईला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि आधीच सांगतो, मी हवामानातला जाणकार नाही. श्रीवर्धन तालुक्यात माडा-पोफळीची वाडी आहे, मुंबईत नोकरी होती, एवढंच.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊनमुळे मी मार्चपासून गावीच होतो. आमच्या गावच्या ग्रुपवर अर्धी माणसं गावातली, अर्धे चाकरमानी, बोरिवलीपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेले. आदल्या रात्री म्हातारी मंडळी म्हणत होती, फयान बघितलंय आम्ही, यात काय विशेष. फयान २००९ चं, आमच्याकडे दोन-चार माड पाडून गेलं होतं. सकाळी दहापासून वारा चढत गेला. मी माजघरात खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा, हातात फोन. ‘आत्ता पोफळी वाकतायत.’ ‘आत्ता शेजारच्यांची कौलं उडाली.’ ‘आत्ता विजेचा खांब आडवा.’ मुंबईहून लगेच उत्तरं, भाऊ तुझ्यामुळे कळतंय, भाऊ व्हिडिओ टाक. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. घर हादरतंय आणि आपण क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखे लिहितोय.

दीडच्या सुमारास वारा थांबला. कमी झाला नाही, थांबलाच. पाऊस बारीक झाला. उजेड विचित्र होता, पिवळट पांढरा, संध्याकाळी पाटाच्या पाण्यात दिसतो तसा. इतक्या वेळ घोंघावणाऱ्या वाडीत एकदम पागोळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. बायको म्हणाली, गेलं वाटतं. मी लिहिलं, ‘गेलं एकदाचं. सगळे सुखरूप. वादळ पास.’

माझा चुलतभाऊ बोरिवलीला. त्याने ते वाचलं आणि खालच्या पाखाडीत, म्हणजे खालच्या वस्तीत, राहणाऱ्या त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना फोन लावला. नेमका लागला. ‘बाबा, वादळ गेलंय, गोठ्याचं बघून या.’ काका ७१ वर्षांचे. गोठ्याचा पत्रा एका बाजूने उचकटला होता, तो दोरीने बांधायला गेले. पंधरा-वीस मिनिटांनी वारा परत आला तो समुद्राकडून. आधीचा डोंगराच्या अंगाने होता. आधीच्या वाऱ्याला सोसून मुळाशी सैल झालेली झाडं उलट बाजूने दाबली गेल्यावर काय होणार? पोफळ गोठ्यावर पडली आणि काकांच्या मांडीचं हाड मोडलं. रस्त्यावर झाडंच झाडं. कोयते आणि हातकरवतीने वाट करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना माणगावला नेलं. आता काठी घेऊन चालतात. मला आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तो वादळाचा डोळा होता हे मला नंतर कळलं. शाळेत शिकलेलो असणार. आपल्याकडे चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो. मध्य डोक्यावरून गेला की मधे शांतता, आणि मग वारा जवळजवळ विरुद्ध दिशेने. निसर्गने किनारा ओलांडला तो दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, अलिबागच्या दक्षिणेला. म्हणजे मी ‘पास’ लिहिलं तेव्हा ते ऐन अंगणात उभं होतं. ते दुपारी किनारा ओलांडणार हे हवामान खात्याच्या पत्रकात होतं. मी ते सकाळी ग्रुपवर स्वतः फॉरवर्ड केलं होतं, वाचलं नव्हतं.

दीड वाजून गेल्यावर लगेचच टॉवर गेला. आठ दिवसांनी टेकडीवर एका ठिकाणी रेंज मिळायला लागली आणि सगळे अडकलेले मेसेज एका दमात फोनवर कोसळले. त्यात माझा भाचा होता, मर्चंट नेव्हीत आहे. त्याचा मेसेज: ‘मामा, कुणाला बाहेर सोडू नका, वारा उलटा फिरणार आहे.’ वेळ दुपारी १:३८. भाच्याच्या फोनवर आठ दिवस त्या मेसेजपुढे एकच टिक होती. आणि त्याच ढिगात दुसऱ्या एका ग्रुपवरून माझंच वाक्य परत आलं होतं, या रूपात: ‘तहसीलमधून निरोप, वादळ गेले आहे, नागरिकांनी घाबरू नये.’ माझ्या शब्दांना कुणीतरी कोट-टाय चढवला होता.

गंमत पुढेच आहे. आठवडाभराने पोचलेला ‘आत्ता पाणी शिरतंय’ वाचून डोंबिवलीतल्या एका वहिनींनी रडारड केली. तोवर पाणी ओसरून चिखलही वाळला होता.

म्हणून माझा एकच हट्ट आहे. वादळाच्या दिवशी ‘आत्ता’ हा शब्द ग्रुपवर बंद करा. मेसेजची सुरुवात वेळेने, मग जागा, मग स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तेवढंच. ‘दु. १२:४०, वरची पाखाडी, आमच्या पडवीतून: विहिरीजवळचा माड तारेवर पडलाय. तारेत करंट आहे का माहीत नाही.’ बास. ‘खूप भयंकर परिस्थिती आहे’ याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर वेळ दिसतेच की, असं तुम्ही म्हणाल. फॉरवर्ड झाला, स्क्रीनशॉट झाला, कुणी फोनवर वाचून दाखवला की ती वेळ गेली. वाक्यातच लिहिलेली राहते.

आणि ‘गेलं’, ‘संपलं’, ‘आता बाहेर पडा’ हे गावातल्या कुणीही लिहायचं नाही. मी तर अजिबात नाही. ते हवामान खात्याच्या पत्रकावरून ठरवायचं. वादळ किनाऱ्याजवळ आलं की पत्रकं वरचेवर निघतात. त्यात मध्य कुठे आहे आणि किनारा ओलांडण्याची क्रिया पूर्ण झाली का, एवढं शोधायचं. वारा एकाएकी थांबला तर उलट ग्रुपवर टाकायचं, ‘दारं लावा, दुसऱ्या बाजूची खिडकी घट्ट लावा.’ अर्थात मध्य तुमच्या गावावरून गेलाच नाही तर अशी शांतता येणारही नाही, वारा नुसता हळूहळू दिशा बदलत जाईल. दोन्हीत घरात बसणंच आलं.

पत्रकातला वाऱ्याचा आकडाही नीट बघा. निसर्गला ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोत १३० पर्यंत असं होतं. पहिला आकडा सरासरीचा, आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं. पत्रा उचलतो तो झोत. ‘तीव्र’ आणि ‘अतितीव्र’ यावर ग्रुपवर वाद घालणाऱ्यांना गप्प करा, ११७ च्या अलीकडे की पलीकडे एवढाच त्यात फरक आहे आणि तुमच्या कौलांना तो कळत नाही.

विंडी या हवामानाच्या ॲपचे रंगीत स्क्रीनशॉट टाकणारा एक तरी उत्साही पुतण्या प्रत्येक ग्रुपवर असतो. ते अंदाजाचं चित्र असतं, घडतंय त्याचं नव्हे. मला ॲप वाईट म्हणायचं नाही, मीही बघतो. पण ‘अजून ६ तास आहेत, विंडीवर बघितलं’ असं ठाण्यातून लिहिलं की गावातला माणूस होडी वर ओढायला जायचा राहतो. व्हिडिओंचं तर बोलूच नका. त्या दिवशी ‘मुरुड, आत्ताची परिस्थिती’ म्हणून एक आला होता. रस्त्यावर लाटा, गाड्या वाहतायत. चार वेळा बघितल्यावर लक्षात आलं की दुकानाची पाटी भलत्याच लिपीत आहे आणि गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. तोवर तो सतरा जणांनी पुढे ढकलला होता.

तौक्तेच्या वेळी, मे २०२१ ला, आम्ही पद्धत बदलली. ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि १७ तारखेला रात्री गुजरातेत घुसलं, त्यामुळे आमची परीक्षा तशी सोपी होती, हेही कबूल. ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाकला. गावात लिहिणारी माणसं दोनच, एक वरच्या पाखाडीत, एक खालच्या. ती ग्रुपवर लिहीतच नव्हती, बदलापूरला असलेल्या एका मुलीला साधा एसएमएस करायची. इंटरनेट मेल्यावरही एसएमएस कधीकधी निघतो. ती मुलगी वेळ-जागा तपासून ग्रुपवर टाकायची, आणि पत्रकंही तीच वाचायची. जमलं तिला, कारण ती वादळात नव्हती. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर हलतंय त्याने बातमीदार होऊ नये, हे माझं पक्कं मत झालंय. तुम्ही ठाण्यात आहात, म्हणजे तुम्ही ती बदलापूरची मुलगी व्हा. बाबांना तुमचा वार्ताहर करू नका.

मुंबईकरांना एक दम द्या, वादळ चालू असताना फोन करायचा नाही. ‘ठीक आहात ना’ विचारणारे अकरा फोन आले तर गावातल्या फोनची बॅटरी तिथेच संपते, आणि पुढे चार्जिंग कुठे? आमच्याकडे वीज यायला महिना उलटून गेला होता. टेंपोत जनरेटर घालून माणसं फिरायची, पैसे घेऊन टाक्या भरून द्यायची. (विहिरीवर पंप बसवल्यावर आपण सगळ्यांनी रहाट मोडले. तुमच्याकडे पोहरा आणि दोर आहे का ते आजच विचारा. आमच्याकडे विहीर काठोकाठ होती आणि पाणी काढायला बादलीला बांधायला सुताची दोरी.)

आणखी एक. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर आहे, पण तो तुम्ही ठाण्यातून फिरवलात तर ठाण्याचाच कक्ष लागायची शक्यता जास्त. रायगडच्या कक्षाचा एसटीडी कोडसकट पूर्ण नंबर आत्ताच मिळवून कागदावर लिहा. कागदावर.

वेळ-जागेचा दुसरा फटका आम्हाला पंचनाम्याला बसला. थोडं विषयांतर आहे, पण राग अजून गेला नाही. एका कार्यालयातून फोनवर सांगितलं, साफसफाई सुरू करा, फोटो चालतील. आम्ही वाट मोकळी केली, पडलेल्या पोफळी रचून ठेवल्या. मग तेच कार्यालय म्हणालं, फोटोवर तारीख नाही, वेळ नाही, ही वाडी तुमचीच कशावरून? माणसाचं चूक म्हणत नाही, त्यांच्यावर चाळीस गावं होती. पण आधीचं वाक्य बोलणारा कोण होता हे कुणी कबूल करेना. त्यात सातबारा सामायिक, चौदा नावं, त्यातली तीन माणसं देवाघरी, एक दुबईत. सगळ्यांची संमतीपत्रं आणा म्हणे. मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली होती. ऐकायला बरं वाटतं. आमची वाडी ११ गुंठे, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास, त्याचे हिस्से चौदा. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. असो. तर फोटो काढताना लोकेशन आणि तारीख छापणारा कॅमेरा चालू ठेवा, आणि वाडीचे, घराचे फोटो वादळाच्या आधीच, उद्या सकाळी काढून ठेवायला सांगा. पडलेलं आवरण्याआधी तलाठ्यांकडून लेखी काही मिळतंय का बघा. नियम बदललेही असतील, तिथे विचारूनच करा.

शेवटी तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. बाबांनी गोठ्याच्या पत्र्यावर वजनाला चिरे ठेवलेत असं तुम्ही लिहिलंय. ते आज उतरवून घ्या आणि पत्रा तारेने वाशाला आवळून बांधा. काकांच्या गोठ्यावरही चिरे होते. पत्रा उडाला तो उडालाच, चिरे आत गाईच्या पुढ्यात पडले.