दारू सोडल्यावर आतड्यांतले जिवाणू किती दिवसांत पूर्ववत होतात?

वडिलांनी वीस वर्षांची दारू सोडून सोळा दिवस झाले तरी पोट ताळ्यावर नाही, तेव्हा जिवाणू सुधारायला किती काळ लागतो आणि ‘थोडी घेतली की पोट जागेवर येईल’ हे नातेवाइकांचे म्हणणे खरे आहे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ते साफ चूक आहे, आणि आमच्या घराने त्याची किंमत मोजली आहे.

माझ्या थोरल्या भावाने सोडली तेव्हा अकराव्या दिवशीही तो अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत असे आणि रात्री गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसत असे. आई मऊ भात आणि ताक देत होती. त्याच आठवड्यात काका आले, “एकदम सोडली म्हणून आतडी बिघडली, सवयीच्या शरीराला थोडी लागतेच,” असे म्हणाले आणि जाताना कापडी पिशवीतली चपटी फडताळात ठेवून गेले. त्या रात्री दादाला शांत झोप लागली, काका खरे ठरले आणि पुढची चार वर्षे वाया गेली.

रोजच्या दारूने आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल होतात आणि जिवाणूंची विषद्रव्ये रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात. शिवाय तंतुमय अन्नापासून ब्यूटिरेट नावाचे पोषक द्रव्य तयार करून त्याच अस्तराला पोसणारे फिकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणू कमी होतात. बेल्जियममधील संशोधकांनी २०१४ साली दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ४३ टक्के रुग्णांची आतडी अशी झिरपत होती. तीन आठवड्यांत हे झिरपणे थांबले आणि काही उपयुक्त जिवाणू वाढले, परंतु सगळे परतले नाहीत. ज्यांची आतडी जास्त बिघडली होती, त्यांच्यातच तीन आठवड्यांनंतरही तलफ, चिंता आणि उदासी अधिक आढळली. दादाला ‘मनाचा कच्चा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे वाचून दाखवायचे आहे.

म्हणून सोळाव्या दिवशी पोट कुरकुरते आहे याची धास्ती घेऊ नका. ज्वारी, डाळी, पालेभाज्या आणि घरचे ताक हळूहळू वाढवा. उपयुक्त जिवाणूंच्या महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर पैसे घालवू नका. मात्र यकृताचा सिऱ्होसिस, म्हणजे यकृत निबर होण्याचा आजार असेल, शौच काळे होत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर हे सारे बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा. बिघडलेल्या जिवाणूंमुळेच तलफ वाढते, असेही त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, इतकेच. आणि जे अजून रोज पीत आहेत, त्यांनी हे वाचून घरच्या घरी एकदम बंद करू नये, कारण पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊन जीवही जाऊ शकतो.

दादाने पुन्हा सोडली, त्याला आता सहा वर्षे झाली. काका आजही विचारतात, “त्या रात्री पोट शांत झाले होते की नाही?” शांत तलफ झाली होती, काका, आतड्याच्या भिंतीला पुन्हा तोच मार बसत होता.