चालकविरहित गाडी मध्येच थांबली तर आत बसलेल्याला कारण कळतं का?

कळतं, पडद्याकडे लक्ष असेल तर. बोलून सांगेल या भरवशावर राहू नका.

मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते. इथे या गाड्यांचं आता कुणाला फारसं नवल नाही, पण पुण्याहून आलेल्या माझ्या आईला होतं. पुढची सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपलं फिरतंय, आणि आईने एका हातात पर्स, दुसऱ्या हातात माझं मनगट घट्ट धरलेलं. एका सिग्नलला हिरवा लागला तरी गाडी हलेना. मागच्याने हॉर्न दिला. "बिघडली वाटतं गं. उतरूया का?" पुढच्या दोन सीटांमधल्या पडद्यावर, उभ्या ट्रकच्या कडेला, माणसाची छोटीशी आकृती दिसत होती. खाली एक ओळ, पादचाऱ्यासाठी थांबलोय अशा अर्थाची, इंग्रजीत. आईचा चष्मा पर्समध्ये. मग ट्रकच्या आडून काठी टेकत एक आजोबा निघाले, त्यांच्या बाजूला लाल असताना.

ते पलीकडे पोचल्यावर आई म्हणाली, "मघाशी पट्टा लावा म्हणून बोलली ना ही? मग आत्ता का मूग गिळून बसली?"

अगदी बरोबर. आमच्या घरात हाच वाद लग्नापासून चालू आहे. नवरा करकचून ब्रेक मारतो, आणि काय झालं विचारलं की "मला दिसतंय ना!" अरे, तुला दिसतंय, मला कुठे दिसतंय? एकदा कात्रजच्या जुन्या घाटात असाच थांबला आणि माझ्या मांडीवरचा आमरसाचा डबा थेट डॅशबोर्डवर. कुत्रं आडवं आलं होतं म्हणे. आधी नुसतं "कुत्रं" म्हणाला असता तर मी डबा धरला नसता का? गाडी धुवायलाही मलाच लावलं, ते वेगळंच.

आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या २०१९ च्या एका प्रयोगात गाडीने कारण आधी सांगितलं तेव्हा लोकांचा तिच्यावर जास्त विश्वास बसला, करून झाल्यावर सांगितलं तेव्हा तेवढा नाही. स्टॅनफर्डच्या २०१५ च्या अभ्यासात माणूस चालवत होता, पण गाडी आपणहून ब्रेक लावायची. त्यात "गाडी ब्रेक लावतेय" एवढंच ऐकणाऱ्यांचं ड्रायव्हिंग बिघडलं, "पुढे अडथळा आहे" हे लोकांना आवडलं. दोन्ही एकदम सांगितलं तेव्हा ड्रायव्हिंग सर्वांत सुरक्षित झालं, पण माणसं वैतागली. नवरा नेमकं हे शेवटचं वाक्य धरून बसलाय. "बघ, जास्त बोललं की वैताग येतो." सुरक्षित झालं हे त्याला ऐकूच येत नाही.

आता हेही खरं की दोन्ही प्रयोग सिम्युलेटरवरचे, म्हणजे खऱ्या रस्त्यावरचे नाहीत, आणि स्टॅनफर्डच्या प्रयोगात माणूस स्वतः चाकावर होता. शिवाय गाडी सांगते तेच तिचं खरं कारण असेल असं नाही. वेव्ह या ब्रिटिश कंपनीचं २०२३ चं लिंगो-१ हे एआय मॉडेल "समोरची गाडी हळू झाली म्हणून वेग कमी केला" अशा धर्तीवर बोलायचं, पण गाडी ते चालवत नव्हतं, बाजूला बसून समालोचन करत होतं. चालवणं आणि बोलणं एकाच मॉडेलकडे आलं ते २०२४ च्या लिंगो-२ मध्ये. तरीही मला गप्प गाडीपेक्षा बोलणारी चालेल.

तुम्ही बसाल तेव्हा पडदा दिसेल अशा जागी बसा. वयस्कर माणूस सोबत असेल तर ओळ तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. फारच घाबरलं कुणी, तर गाडी कडेला घ्यायचं बटण असतं, मदतीच्या माणसाशी बोलताही येतं.

आणि घरी कुणी चालवत असेल तर त्यालाही ब्रेकच्या आधी एक शब्द बोलायला लावा. "मग तूच चालव" म्हणाला तर खुशाल किल्ली घ्या. मी घेते.