नऊ नंबरची जर्सी फेकू नकोस

आपल्या लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड रिअल माद्रिदला गेल्यापासून तू त्याला शिव्या घालतोयस. घाल. तो जाणार हे कळल्यावर मे 2025 मध्ये आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला, तेव्हा अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे आपल्याच मैदानावर, त्याची हुर्यो उडाली होती. तू तर कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर बसून बोलतोयस.

फक्त जर्सीला हात लावू नकोस. मी लावला होता. 31 जानेवारी 2011, आपला स्ट्रायकर टोरेस 5 कोटी पौंडांत चेल्सीला गेला. मी त्याची नऊ नंबरची जर्सी रागाने माळ्यावर भिरकावली. आठवडाभराने, 6 फेब्रुवारीला, त्याचा चेल्सीसाठी पहिलाच सामना, तोही आपल्याशीच! मैरेलेसच्या गोलने आपण 1-0 जिंकलो. एवढ्या रात्री मी गॅलरीत ताट बडवलं, शेजारचे काका दार उघडून बघायला आले. दिवाळीच्या साफसफाईत आईने त्या जर्सीचं पोतेरं केलं. नऊचा आकडा फरशीवरून फिरताना बघितला आणि घास गिळवेना.

कारण लीगमधल्या 102 सामन्यांत 65 गोल त्याने लाल जर्सीतच केले होते, ते कुठे गेले? 2015 च्या मार्चमध्ये तो धर्मादाय सामन्यासाठी अ‍ॅनफिल्डवर आला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार वर्षं लागली. मला जरा जास्तच.

आणि हो, बार्सिलोनाच्या पोरांना फिगोवरून चिडवू नकोस, तोही त्यांना सोडून कट्टर वैरी रिअल माद्रिदलाच गेला होता. मिसळीचं बिल तेच देतात.