वाचकांचे प्रश्न : जुनी बास गिटार घेताना, बदलताना आणि दुरुस्त करताना

या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत बास गिटारविषयी बरीच पत्रे आली. पत्रलेखकांपैकी कोणीही पूर्णवेळ वादक नाही. कोणी शाळेत शिकवतो, कोणी बँकेत आहे, कोणाचे खतांचे दुकान आहे. गणेशोत्सव, 14 एप्रिलच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नातील ऑर्केस्ट्रा आणि चर्चमधील रविवारची उपासना, इतकेच या मंडळींचे वादन असते. मीही त्यांच्यातलाच असल्यामुळे उत्तरे दुकानदाराच्या नव्हे, तर पदरचे पैसे घालणाऱ्या वादकाच्या बाजूने दिली आहेत.

प्रश्न : मी शिक्षक असून हौस म्हणून वाद्यवृंदात बास वाजवतो. पुण्यातील एका वादकाकडे दहा-बारा वर्षे वापरलेली चार तारांची बास गिटार विकाऊ आहे. तेवढ्याच पैशांत नवी, पाच तारांची स्वस्त गिटारही येते. कोणती घ्यावी? जुनी घेतल्यास काय तपासावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नेक (गिटारची दांडी) शाबूत असेल, तर जुनी चार तारांचीच घ्यावी. पाचव्या तारेचा मोह मला समजतो. आपल्याकडील गायक ‘पांढरी एक’ किंवा ‘काळी एक’ सांगून मोकळे होतात आणि चार तारांच्या बासवर सर्वांत खालचा सूर ‘पांढरी तीन’चा, म्हणजे ई असतो. परंतु ‘पांढरी एक’चा षड्ज ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (नेकवरील धातूच्या आडव्या उंचवट्यावर) आणि त्याच्या खालचा पंचम ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आरामात मिळतो. राहतो तो फक्त आणखी एक सप्तक खालचा षड्ज. आता ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41 आणि पाचव्या बी तारेची सुमारे 31 असतात. मंडपवाल्याच्या ज्या बॉक्समधून आपण वाजवतो, त्यातून 41 चा सूरदेखील पुरता बाहेर येत नाही. मग 31 साठी पैसे मोजून ढिली वाजणारी तार आणि रुंद नेक का घ्यायची?

जुनी गिटार पाहायला दिवसा जावे. हे मी अनुभवाने सांगतो. एका ऑर्केस्ट्रा चालकाकडून मी माझी दुसरी बास रात्री नऊ वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात घेतली. चारही तारा मोकळ्या वाजवून पाहिल्या, आवाज गोड होता, पैसे दिले. घरी आल्यावर ध्यानात आले की, बाराव्या फ्रेटवर तारा इतक्या उंच आहेत की खाली करंगळी सरकेल. ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकमधल्या सळईच्या, नटाला अ‍ॅलन की लावली, तर तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला. पुढे तसूभरही फिरेना. ती गिटार आजही माझ्या माळ्यावर आहे.

चारही तारा मिळून नेकवर साधारण 75 ते 80 किलोचा ताण असतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूने नेक सरळ धरून ठेवण्याचे काम आतली ही लोखंडी सळई करते. म्हणून मालकाची परवानगी घेऊन नट पाव फेरा सैल करून आणि पुन्हा पाव फेरा आवळून पाहावा. तो दोन्हीकडे फिरत असेल आणि आवळायला अजून जागा असेल, तर निम्मी परीक्षा झाली. मालकाने नट फिरवू दिला नाही, तर मी त्या व्यवहारातून उठेन. त्यानंतर ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतील फट पाहावी. ती सुमारे 0.3 मिलिमीटर असावी. मग गिटारचे डोके खिडकीकडे करून, बंदुकीचा नेम धरतात तसे नेकवरून ब्रिजकडे (बॉडीवरच्या तारांच्या घोडीकडे) पाहावे. दोन्ही कडा एका पातळीत नसतील, नेक पिळलेली वाटली, तर कोणत्याही भावात घेऊ नये. कमान ट्रस रॉडने सुधारते, पीळ सुधारत नाही. शेवटी 20 फ्रेट आणि 4 तारा यांवरचे 80 सूर एकेक करून वाजवावेत. दहा मिनिटे लागतात आणि विकणारा कंटाळतो. त्याला कंटाळू द्यावे.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर, ढिला जॅक, गंजलेल्या तारा, रंगाचे टवके या गोष्टींना घाबरण्याचे कारण नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी, थोडे सोल्डरिंग आणि नव्या तारा यांत त्या मिटतात. उलट घासाघीस करताना त्याच उपयोगी पडतात. गिटारच्या डोक्यावरच्या नावावर मात्र विसंबू नये. नाव आणि क्रमांक दोन्ही छापून चिकटवता येतात. फेंडर या अमेरिकी कंपनीचीच किफायतशीर गिटार हवी असेल, तर ती ‘स्क्वायर’ या नावाने 1982 पासून निघते. अशा गिटारच्या डोक्यावर कोणी नंतर ‘फेंडर’ असे चिकटवले असल्यास विकणाऱ्याच्या इतर बोलण्यावरही तितकाच विश्वास ठेवावा.

प्रश्न : मंडपात वाजवताना अ‍ॅम्पमधून सतत गुणगुण येते. तारांना हात लावला की ती कमी होते. मध्यंतरी कोरससाठी माइकजवळ गेलो, तर ओठांना झटका बसला. गिटारमध्ये दोष आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दुसरी फार गंभीर आहे.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, याचा अर्थ तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या आहेत आणि ती जोडणारी वायर तुटलेली नाही. कमी आहे ते आवरण. पिकअप (तारांची कंपने पकडणारा भाग) आणि वायरिंगच्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की फरक पडतो. आपली गिटार जॅझ बासच्या धर्तीची, दोन सिंगल-कॉइल पिकअपची असेल, तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवून पाहावे. सध्याच्या बहुतेक गिटारींत ही दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खोडतात आणि एकाचा व्हॉल्यूम उतरवला की ती परत येते.

झटक्याचा दोष बहुधा गिटारमध्ये नसून मंडपाच्या विजेत आहे. तारा अ‍ॅम्पच्या सांगाड्याशी आणि माइकची जाळी मिक्सरच्या सांगाड्याशी जोडलेली असते. अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या फेजवर आणि अर्थिंग कुठेच नाही, अशी स्थिती असली की दोहोंमधला रस्ता आपली बोटे आणि ओठ पूर्ण करतात. स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वे 1972 मध्ये स्वान्सी येथे रंगमंचावर अशाच अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. त्यामुळे पुढील कार्यक्रमापूर्वी मंडपवाल्याला अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, खऱ्याखुऱ्या अर्थिंगसह घ्यायला लावावे, जनरेटर असला तरी. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन गुणगुण घालवण्यासाठी काढून टाकण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिला ठाम नकार द्यावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे; काटा शून्याजवळ नसेल, तर माइकजवळ जाऊ नये. जमल्यास 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड बाळगावा. मी बाळगतो, मंडळवाले हसतात.

मिक्सरला सरळ जोडल्यावर येणाऱ्या गुणगुणीसाठी ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) घ्यावा. त्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ सिग्नलच्या केबलचे ग्राउंड तोडते, विजेचे अर्थिंग तोडत नाही, म्हणून ती निर्धोक आहे.

प्रश्न : जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या वाजतात, हे खरे आहे का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : वेटोळ्यांत साचलेला मळ आणि घामाचा तेलकटपणा निघतो, म्हणून काही दिवस खणखणीत वाजतात. नंतर पुन्हा बसतात. कार्यक्रम परवा असेल आणि नव्या तारांचे पार्सल आले नसेल, तर उकळाव्यात, लगेच पूर्ण वाळवाव्यात. खणखणाट सर्वांनाच हवा असतो असेही नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत बास वाजवणारा जेम्स जेमर्सन गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावत असे आणि तुटल्याशिवाय बदलत नसे.

प्रश्न : बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून एक जुनी भारतीय बनावटीची बास गिटार जवळजवळ फुकट मिळाली. रंग उडालेला आहे, आवाज बारीक येतो. ओळखीच्या गॅरेजमध्ये ड्यूको मारून घ्यावा आणि परदेशी पिकअप बसवावे, असा विचार आहे.
– एक वाचक, जालना

उत्तर : ड्यूकोच्या कल्पनेला नाके मुरडणारे भेटतील, त्यांना सांगावे की ‘ड्यूको’ हे मुळात ड्यूपाँट कंपनीच्या मोटारींच्या रंगाचे नाव आणि साठच्या दशकात फेंडरने ज्या रंगांत गिटारी विकल्या, ते रंगही ड्यूपाँटच्या मोटारींच्या रंगांतूनच घेतलेले होते. गॅरेजवाल्याला फक्त दोन गोष्टी बजावाव्यात. नेक, पिकअप आणि सर्व धातू आधी काढून ठेवायचे, आणि बॉडीत नेक बसते त्या खोबणीत पुट्टी वा रंगाचा थर अजिबात चढवायचा नाही. तो थर अर्ध्या मिलिमीटरचा झाला तरी नेकचा कोन बदलतो आणि मग तारांची उंची हवी तशी लावता येत नाही. रंग वरून सुकला तरी आत ओला असतो, म्हणून किमान दोन-तीन आठवडे गिटार जोडू नये. गॅरेजवाला ‘उद्या घेऊन जा’ म्हणेल.

पिकअपची घाई मात्र करू नये. आवाज बारीक येण्याचे कारण पिकअपच असेल असे नाही. ते तारांपासून फार खाली बसलेले असते, झिजलेला व्हॉल्यूम कंट्रोल आवाज खातो, किंवा जॅकवरचे सोल्डर सुटलेले असते. मागचे झाकण उघडून सिंगल-कॉइल पिकअपला शोभेल असा 250 किलोओहमचा नवा कंट्रोल आणि चांगला जॅक लावावा, पिकअप स्क्रूने वर घ्यावे आणि मग ऐकावे. एवढे करून महिनाभर वाजवल्यावरही आवाज पसंत पडला नाही, तरच पिकअपचा खर्च करावा. आणि तेव्हाही जुने पिकअप एका पिशवीत चिठ्ठी लावून जपून ठेवावे. विकताना बसवलेल्या महागड्या भागांचे पैसे कोणी देत नाही, उलट ‘मूळचे कुठे आहे?’ असे विचारतो. पट्ट्याची खुंटी किंवा नेकचा स्क्रू भोकात फिरत असेल, तर भोकात फेव्हिकॉल लावलेली आगकाडी ठोकावी, दुसऱ्या दिवशी काठ सपाट करून स्क्रू पिळावा. जालन्यातला कोणताही सुतार हे करून देईल.

प्रश्न : एका वादकमित्राला माझी पॅसिव्ह (सेल न लागणारी) बास हवी आहे. त्याबदल्यात तो त्याची सेलवर चालणारी अ‍ॅक्टिव्ह बास देतो आणि वर काही रोख मागतो. व्यवहार कसा करावा?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी दोन्ही गिटारींना नव्या, एकाच जाडीच्या तारा लावाव्यात आणि एकाच अ‍ॅम्पवर, अ‍ॅम्पचे आणि अ‍ॅक्टिव्ह गिटारचे बास-ट्रेबल मध्यावर ठेवून वाजवाव्यात. अ‍ॅक्टिव्ह गिटारमधला प्रीअँप खालचा सूर फुगवून दाखवतो आणि दुकानात तो फार आवडतो. ढोलकी व ऑक्टोपॅडबरोबर तोच सूर चिखल होतो. नऊ व्होल्टचा सेल काढल्यावर ती गिटार वाजते का, हेही पाहावे. काहींमध्ये पॅसिव्हची कळ असते, ज्यात नसते ती सेल संपला की ऐन कार्यक्रमात मुकी होते. केबल खोचलेली राहिली की सेल रात्रभर संपत राहतो, हे मित्र सांगायला विसरेल.

वरची रक्कम ठरवताना नव्याच्या किमतीतला फरक धरू नये, दोन्ही जुन्या गिटारी आज रोखीने किती जातील त्यातला फरक धरावा. मित्र असला तरी क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला कागद करावा. चोरीचे वाद्य हातोहात फिरत येते आणि शेवटच्या मालकाला पोलिसांपुढे उभे राहावे लागते. शिवाय आठ दिवस गिटारी अदलाबदल करून वापराव्यात आणि मगच रोख द्यावी. मैत्री टिकवायची असेल, तर मी ही अट कधीच सोडत नाही.

प्रश्न : उन्हाळा आला की नेकच्या कडेने फ्रेटची टोके हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात त्रास नसतो. फ्रेट बदलावे लागतील का?
– एक वाचक, बीड

उत्तर : नाही. फ्रेट वाढलेले नाहीत, लाकूड आकसले आहे. पारा 40 अंशांपलीकडे गेला आणि हवा कोरडी पडली की नेकची रुंदी केसभर कमी होते, धातू मात्र तेवढाच राहतो. गिटार कूलरसमोर टेकवून ठेवण्याची जी आपली पद्धत आहे, तिच्यामुळे हे आणखी बिघडते; दुपारभर ओलसर वारा, रात्री कूलर बंद आणि कोरडी हवा, अशा रोजच्या उलटापालटीत नेकची कमानही बदलत राहते. गिटार कव्हरमध्ये घालून कपाटात, कूलरपासून दूर ठेवावी आणि गाडीच्या डिकीत तर कधीच सोडू नये.

टोके घासायची असतील, तर ती एप्रिल-मेमध्येच घासावीत, कारण लाकूड तेव्हा सर्वांत आकसलेले असते. पावसाळ्यात घासलेली टोके पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर येतात. दोन फ्रेटमधल्या लाकडी पट्टीवर मास्किंग टेप लावावी, बारीक दाताची कानस नेकच्या कडेला तिरकी धरून प्रत्येक टोकावर दोन-तीनच हात मारावेत, बोट फिरवून पाहावे, मग पुढचे टोक घ्यावे. पट्टी शिसवीची आणि बिनपॉलिशची असेल, तर शेवटी खनिज तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसावी. घरात खोबरेल हाताशी असते, पण ते कालांतराने खवट आणि चिकट होते, म्हणून वापरू नये.