‘पाहुणा कामगार’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये 2007 साली स्थलांतराच्या कायद्यावरून झालेल्या वादाविषयीचा एक लेख एक भगिनी मराठीत आणत आहेत. त्यांनी ‘गेस्ट वर्कर प्रोग्राम’साठी, म्हणजे परदेशातून ठरावीक काळापुरते कामगार आणण्याच्या योजनेसाठी, ‘पाहुणा कामगार योजना’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘अतिथी कामगार’ केलं. दोन्ही शब्द त्यांच्या कानाला खटकतात, पण का खटकतात ते सांगता येत नाही. जोडीला दुसरा प्रश्न आहे: त्याच लेखात जागोजागी येणाऱ्या ‘अॅम्नेस्टी’ला, म्हणजे विनापरवाना राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा देण्याला, ‘माफी’ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. दोन्ही शब्द नकोत. ‘मुदती कामगार’ लिहावं. मुदत ठेव आपल्या घराघरात आहे, मुदती हुंडी जुन्या व्यापारात होती, तेव्हा हे विशेषण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आता कारणं.

‘अतिथी’ची आपल्याकडे शिकवली जाणारी व्युत्पत्ती म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. ‘ज्याचं राहणं नित्य नसतं तो’ असाही अर्थ जुन्या ग्रंथांत दिलेला आहे. या दोन्हींपैकी पहिली घेतली तर ‘अतिथी कामगार’ हा शब्द स्वतःलाच खोडतो. या माणसाची येण्याची तारीख व्हिसावर छापलेली असते, जाण्याचीही असते. कुणाच्या शेतात, किती महिने, ताशी किती डॉलरने, सगळं आधीच लिहिलेलं. इतका तिथीने बांधलेला माणूस शोधून सापडायचा नाही. शिवाय ‘अतिथी’बरोबर ‘देवो भव’ आपोआप मनात येतं, आणि ज्याला पहाटे चारला सफरचंदाच्या बागेत उभं राहायचं आहे त्याच्यासाठी तो शब्द मला सहन होत नाही.

‘पाहुणा’ जास्त घरचा शब्द आहे. संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’, त्यावरून आपला पाहुणा. कोल्हापूर-सांगलीकडे अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असं विचारतात, इतका तो मोकळा आहे. पण मराठीतल्या पाहुण्याच्या दोन अटी पक्क्या आहेत. एक, त्याला काम सांगायचं नसतं. दोन, त्याने वेळेत निघायचं असतं. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण तुम्हाला ठाऊक असेलच. ‘पाहुणा कामगार’ म्हणताच पहिली अट मोडते आणि दुसरी मात्र घट्ट लागू होते. पाहुणचार नाही, पण निघून जाण्याची अपेक्षा पूर्ण. शिवाय तो राहिलाच तर दोष त्याच्या अकलेचा, हेही म्हणीने आधीच ठरवून टाकलं. राजकीय वादात एका बाजूचा निकाल शब्दानेच लावून टाकणं भाषांतरकाराने टाळलं पाहिजे.

हा गुंता मराठीत येण्याआधी जर्मनमध्ये झाला आहे. इंग्रजी ‘गेस्ट वर्कर’ हे जर्मन ‘गास्टआर्बायटर’चंच शब्दशः भाषांतर. पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी कामगार आणण्याचा करार केला, पुढे स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, पोर्तुगाल, युगोस्लाव्हिया वगैरेंशी. बाहेरून आलेल्या कामगाराला जर्मनमध्ये ‘फ्रेम्डआर्बायटर’, म्हणजे परका कामगार, हा शब्द होताच. पण नाझी राजवटीत युरोपभरातून ओढून आणलेल्या वेठीच्या मजुरांना तेच नाव होतं. त्या आठवणीवर पांघरूण घालणारा सौम्य शब्द हवा होता, म्हणून ‘पाहुणा’ रुळला. त्यात आदर होता की नुसती लाज, हे आज ठरवणं कठीण आहे. मला तरी दोन्ही दिसतं.

10 सप्टेंबर 1964 रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर दहा लाखावा पाहुणा उतरला: आर्मांदो रोद्रिगेस द सा, पोर्तुगालचा सुतार. बँड वाजला, फुलं दिली, एक मोपेड भेट मिळाली. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. खरा पाहुणचार असा त्या एकाच्या वाट्याला आला. बाकीच्यांसाठी कारखान्याशेजारच्या वसतिगृहातल्या एकावर एक खाटा होत्या. तुर्कस्तानबरोबरच्या 1961च्या करारात मुक्काम दोन वर्षांचाच होता. 1964 मध्ये ती अट गेली, आणि ती काढायला लावण्यात मोठा वाटा कारखानदारांचा होता. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि पुन्हा नवा शिकवायचा, हे त्यांना परवडत नव्हतं. म्हणजे मुदत मोडली ती यजमानाने. मग नोव्हेंबर 1973 मध्ये तेलसंकटाच्या वेळी भरती बंद झाली. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्यावर अनेकांनी जाणंच टाळलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. तरीही त्या 18 वर्षांत आलेल्या सुमारे 1 कोटी 40 लाखांपैकी 1 कोटी 10 लाख परत गेले, हे वादाच्या गोंगाटात कुणी सांगत नाही.

शब्द चुकतो आहे हे जर्मनांच्याही लक्षात आलं होतं. 1970च्या सुमारास कोलोनच्या सार्वजनिक रेडिओने श्रोत्यांकडून पर्यायी शब्द मागवले. हजारो सूचना आल्या, आणि शेवटी पसंती मिळाली ती ‘परदेशी कामगार’ या अर्थाच्या साध्या शब्दाला. मला ही गोष्ट फार आवडते. सभ्यपणाचा शोध घेत घेत माणसं शेवटी सरळ वर्णनापाशी पोचली.

आणि ज्यांच्याविषयी हे चाललं होतं ते स्वतःला काय म्हणत? तुर्कीत ‘मिसाफिर इश्ची’ हे शब्दशः भाषांतर आहे (मिसाफिर म्हणजे पाहुणा, आपला मुसाफिर त्याच अरबी घराण्यातला). पण रोजच्या बोलण्यात ‘गुरबेतची’ म्हणतात, म्हणजे घरापासून दूर मुलखात असलेला. शब्द गावाकडून पाहणारा आहे, कारखान्याकडून नव्हे. आपल्याकडे असा शब्द कोणता, तर ‘चाकरमानी’. मुंबईत तो गिरणी कामगार असेल, बँकेत असेल, गोदीत असेल. चाकरमानी तो कोकणातल्या आपल्या वाडीसाठी. गणपतीत परत येणार हे त्या शब्दातच आहे. ‘पाहुणा’ मात्र नेहमी ज्याचं घर आहे तो म्हणतो. कोण कुठे उभा राहून बोलतो आहे, हे अशा शब्दांत पहिल्यांदा पाहावं.

आता अमेरिका. तिथली मोठी योजना ‘गेस्ट’ हा शब्द अंगावर न घेता चालली. ऑगस्ट 1942 मध्ये मेक्सिकोशी करार झाला, तो या ना त्या रूपात 1964 अखेरपर्यंत टिकला आणि त्याखाली सुमारे 46 लाख कंत्राटं झाली (माणसं त्याहून कमी, कारण तीच तीच परत येत). त्यांचं नाव ‘ब्रासेरो’. स्पॅनिश ‘ब्रासो’ म्हणजे बाहू, तेव्हा ब्रासेरो म्हणजे बाहूंनी काम करणारा. भरतीच्या ठिकाणी माणसाच्या तळहातावर घट्टे आहेत का ते तपासत, आणि अंगावर डीडीटी फवारत. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच पाहून निवड. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले 10 टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांत बचत म्हणून ठेवले जात. मुदत संपल्यावर ते मिळायचे होते. असंख्य लोकांना मिळाले नाहीत. म्हातारे झालेले ब्रासेरो त्यासाठी या शतकातही भांडत होते. मी ‘मुदती’ सुचवताना मुदत ठेवीचं नाव घेतलं, त्याच्यामागे हीसुद्धा आठवण आहे.

तुमच्या लेखातला 2007चा प्रस्ताव नीट वाचलात तर ‘मुदती’ किती चपखल बसतो ते दिसेल. नव्या व्हिसावर दोन वर्षं काम, मग एक वर्ष मायदेशी, पुन्हा दोन वर्षं, पुन्हा एक वर्ष बाहेर, शेवटी आणखी दोन वर्षं, की संपलं. दरसाल 4 लाख माणसं येणार होती. सिनेटने ती संख्या निम्म्यावर आणली. मग नॉर्थ डकोटाचे सिनेटर बायरन डॉर्गन यांनी ही योजनाच पाच वर्षांनी बंद करावी अशी दुरुस्ती मांडली आणि ती 49 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाली. माणसांना मुदत, योजनेलाही मुदत. 28 जूनला विधेयक पुढे नेण्यासाठी 60 मतं हवी होती, 46 पडली.

या वादात पक्षाप्रमाणे सरळ दोन बाजू नव्हत्या, आणि त्यामुळेच शब्द जपून वापरायला हवेत. शेतमालक आणि उद्योजक म्हणत, काम आहे, माणूस नाही, कायदेशीर वाट द्या. कामगार संघटनांच्या मोठ्या गटाचा आक्षेप असा की व्हिसा ज्याच्या हातात त्याच्याच हातात मजुरी. नोकरी सोडली की देश सोडावा लागणाऱ्या माणसाला मालकाशी घासाघीस करता येत नाही, आणि मग शेजारच्या स्थानिक कामगाराचीही मजुरी पडते. तिसरा गट म्हणे, हे जाणारच नाहीत. राष्ट्राध्यक्ष बुश ‘तात्पुरते कामगार’ या नावावर भर देत. ‘गेस्ट’ शब्द विरोधकांच्या तोंडी कधी कुत्सित होई, समर्थकांच्या तोंडी कधी गोड. ‘मुदती’ हा शब्द तिन्ही बाजूंना वापरता येतो. वाद मुदतीवरच आहे: ती पाळली जाईल का, आणि पाळायला लावणं न्याय्य आहे का.

ऊसतोडीचा हंगाम जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला कामगार संघटनांचा मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही. उचल, मुकादम, टोळी, फडाजवळची कोपी हे सगळं आपल्याकडे शब्दांसकट आहे. अमेरिकेतल्या एच-टू-ए व्हिसावर शेतीच्या हंगामापुरते येणाऱ्यांसाठी म्हणून ‘हंगामी मजूर’ मुदतीपेक्षाही नेमका ठरतो. तिथे तो जरूर वापरा. टीकाकारांच्या तोंडी जिथे करारबद्ध गुलामगिरीसारखी उपमा येईल तिथे ‘गिरमिट’ आठवा. ‘अॅग्रीमेंट’वरून झालेला हा शब्द फिजी-मॉरिशसला नेलेल्या मजुरांनी घडवला, आणि मॉरिशसला कोकणातूनही माणसं गेली होती. (सुताराचं गिरमिट वेगळं, ते इंग्रजी ‘गिम्लेट’वरून आलं.)

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. एच-वन-बी हीसुद्धा कायद्याने मुदती कामगारांचीच योजना आहे. तीन अधिक तीन, सहा वर्षांची मुदत, व्हिसा मालकाच्या अर्जावर, आणि कायद्याच्या लेखी ‘नॉन-इमिग्रंट’. पुण्या-नाशिकची हजारो मुलं त्यावर गेली. त्यांना आपण कधी ‘पाहुणा कामगार’ म्हटलं नाही. ‘एच-वनवर आहे’ म्हणतो. फरक एवढाच की त्यांना तिथे असतानाच ग्रीन कार्डासाठी रांगेत उभं राहता येतं, आणि रांगेत असेपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते. एकाच प्रकारच्या कायदेशीर स्थितीला आपल्या माणसासाठी एक शब्द आणि मेक्सिकन शेतमजुरासाठी दुसरा, हे भाषांतरात होऊ देऊ नका. दोघेही मुदती कामगार.

‘अॅम्नेस्टी’चं कोडं मात्र मराठीत आधीच एकदा सुटलेलं आहे, फक्त आपण तिकडे पाहत नाही. शेतकरी संघटनेने वर्षानुवर्षं बजावलं की ‘कर्जमाफी’ म्हणू नका, ‘कर्जमुक्ती’ म्हणा, कारण माफी गुन्हेगाराला मिळते. पुढे 2019 मध्ये राज्य सरकारने योजनेच्या नावातच ‘कर्जमुक्ती’ घातलं. अमेरिकेत 1986 मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. त्यानंतरच्या प्रत्येक विधेयकात विरोधक ‘अॅम्नेस्टी’ म्हणतात आणि समर्थक, दंड भरून, कर चुकता करून ‘मिळवलेला’ दर्जा म्हणतात. माफी की मुक्ती, तीच ओढाताण. म्हणून विरोधकांच्या वाक्यात ‘माफी’ लिहा, तो त्यांचाच शब्द आहे. लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात ‘नियमित करणे’ लिहा. गुंठेवारीची घरं नियमित होतात, अतिक्रमणं नियमित होतात. यात झालेली चूक लपत नाही आणि माणूस आरोपीही ठरत नाही. मुद्रांक शुल्क बुडवणाऱ्यांसाठी आपलं सरकार ‘अभय योजना’ आणतं. तो शब्द सुंदर आहे, पण इथे लावलात तर पारडं दुसरीकडे झुकेल.

‘घुसखोर’ही टाळा. ज्यांना तसं म्हणतात त्यांतले पुष्कळजण रीतसर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले. त्यांनी घुसखोरी केलेली नाही, मुदत मोडली आहे. ‘विनापरवाना राहणारे’ पुरे. ‘स्थलांतर सुधारणा’ हा शब्दही एकदा तपासून पाहा. सुधारणा म्हटली की ती चांगलीच, अशी आगरकरांपासूनची आपली समजूत. ‘स्थलांतर कायद्यातले बदल’ म्हटलं तर वाचक स्वतः ठरवू शकेल.

मूळ लेखातल्या एखाद्या वक्त्याने ‘गेस्ट’ या शब्दावरच कोटी केली असेल, किंवा जर्मनीचा दाखला दिला असेल, तर तिथे अवतरणात ‘पाहुणे’ ठेवावंच लागेल. नाहीतर त्याचं म्हणणं हरवेल. तुम्ही पाठवलेलं वाक्य मी असं करीन: ‘मुदती कामगारांची योजना पाच वर्षांनी आपोआप बंद व्हावी, ही दुरुस्ती एका मताने मंजूर झाली आणि उद्योजक व कामगार संघटना यांच्यात मोठ्या कष्टाने साधलेला तोल बिघडला.’