भूगोलाची प्राध्यापकी करावी की जीआयएसची नोकरी?

नमस्कार. तुम्ही माण तालुक्यातून लिहिलंय. मुलगी बी.ए. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कॉलेजात शिकवायचंय. पाहुणे मात्र म्हणतात, ‘भूगोलात काय ठेवलंय, जीआयएसचा डिप्लोमा करून पुण्यात नोकरी धर.’ जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे तयार करून त्यांचा अभ्यास करण्याचं तंत्र.

माझं मत स्पष्ट आहे: तिला एम.ए. किंवा एम.एस्सी. भूगोल करू द्या आणि जीआयएस त्याच दोन वर्षांत शिकू द्या.

अवघड बाजू आधी सांगतो. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, पण अशा जागा क्वचित निघतात. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, उन्हाळी सुट्टीत काहीच नाही. हे घरात आधीच बोलून घ्या. त्या काळात नकाशाचं काम येत असलं तर पाणलोटाचे किंवा सर्वेक्षणाचे प्रकल्प हाताशी राहतात.

आता डिप्लोमाचं. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातली बटणं थोड्या सरावानं येतात. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्सही मोफत असतात. पण नुसती बटणं येणारे पुष्कळ आहेत. तिला तुमच्याच तालुक्यातले पाझर तलाव घ्यायला सांगा. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची 10 मीटर रेझोल्यूशनची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटरचा चौकोन) चित्रं विनामूल्य आहेत. मे महिन्यात कुठल्या तलावात पाणी उरलं, ते नकाशावर लगेच दिसेल. शेजारचा तलाव का आटला, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी बेसॉल्टमधल्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या, भेगा, साठलेला गाळ, वरच्या बाजूच्या विहिरी बघाव्या लागतात, गावात जाऊन माणसांशी बोलावं लागतं. हे ज्याला येतं तोच वर्गात टोपोशीट (डोंगर, ओढे, गावं दाखवणारा सविस्तर नकाशा) उघडून मुलांना गुंतवून ठेवतो. मला असे शिक्षक फार मोलाचे वाटतात, आणि दुष्काळी भागातली मुलगी तशी शिक्षिका व्हायला निघाली आहे, तर तिला अडवू नका.

कॉलेज निवडताना एकच चौकशी करा: जीआयएसची प्रयोगशाळा खरोखर चालू असते का आणि क्षेत्रभेटी होतात का? तिथं शिकणाऱ्या मुलांनाच विचारा, माहितीपुस्तिकेवर जाऊ नका.

नेट-सेटसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या गटात 55 टक्के, राखीव गटांना 50 टक्के लागतात. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाही परीक्षेला बसता येतं, तेव्हा पहिला फॉर्म तिनं तेव्हाच भरावा.