आधी व्याख्या वाच

अगं,

तुझं पत्र वाचलं. जानेवारीत नोकरकपातीचा आलेख उसळला म्हणून तू मंदी आल्याचं लिहिलंस, फेब्रुवारीत खाली आला म्हणून सगळं सावरल्याचं. आता दुसरी आकडेवारी उलटंच सांगते म्हणून हे काम आपलं नव्हे म्हणतेस. ते नंतर बघू. आधी सांग, व्याख्या वाचली होतीस का?

तू अमेरिकेचे तीन आकडे एका आलेखात बसवलेस. चॅलेंजर या खासगी सल्लागार कंपनीचा मासिक अहवाल कंपन्यांनी जाहीर केलेली कपात मोजतो. त्यातली काही पुढे कित्येक महिन्यांनी होते, काही होतच नाही. १९८८ च्या वॉर्न कायद्याची नोटीस साधारणपणे १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला कारखाना बंद करण्याआधी ६० दिवस द्यावी लागते, म्हणजे ती दोन महिन्यांनंतरची बातमी. जोल्ट्स हे सरकारी मासिक सर्वेक्षण मात्र त्या महिन्यात खरोखर काढलेली माणसं मोजतं, दोन असोत की दोन हजार. हे तिन्ही एकाच रेषेत कसे येतील?

त्यात हंगाम. गाड्यांचे कारखाने नव्या मॉडेलसाठी यंत्रं बदलायला जुलैत थांबतात, कामगार बेकारी भत्त्याचे अर्ज भरतात आणि थोड्या आठवड्यांत परत कामावर जातात. जानेवारीत सणासुदीपुरती घेतलेली दुकानांतली, कुरिअरमधली माणसं सुटतात. मागच्या महिन्याशी काय ताडतेस? गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताड. उद्योगवार बघताना तर जास्तच जप: कारखान्यात राबणारा कंत्राटी माणूस एजन्सीच्या पटावर असतो, त्याची नोकरी गेली तर ती कारखान्यांच्या रकान्यात दिसत नाही.

अमेरिकी सरकारची जुनी सामूहिक कपातीची मासिक मालिकाही तू घेतलीस. तिथे एका मालकाकडून पाच आठवड्यांत बेकारी भत्त्याचे किमान ५० नवे अर्ज आले तरच घटना धरत. ४९ आले तर काहीच घडलं नाही! २०१३ मध्ये खर्चकपातीत ती मोजणीच बंद झाली, म्हणून तुझी रेघ तिथे थांबते. व्याख्या वाच गं.

मी चिडतोय, कारण हे मला महागात पडलंय. आमच्या वृत्तपत्रात एका कारखान्यातून महिन्यात ५० च्या वर माणसं गेली तरच तक्त्यात नोंद व्हायची. एका कारखान्याने दर महिन्याला चाळीस-चाळीस काढली. सहा महिने तक्त्यात शून्य, आणि त्यावरून मी ‘उद्योग सावरतोय’ असा मथळा दिला. पुढे फाटक बंद झाल्यावर तिथला एक फिटर कार्यालयात आला. खिशातून माझ्या बातमीचं कात्रण काढलं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. शेजारी त्याचा शेवटच्या हिशेबाचा कागद ठेवला. दोन्हींवर तारीख एकच होती. बोलला काहीच नाही.

तक्ता चुकीचा नव्हता. ५० ची अट मी घातलेली नव्हती. संध्याकाळी पान सोडायचं होतं आणि प्रत्येक फाटकावर उभं करायला आमच्याकडे माणसं नव्हती. हे मी तेव्हा संपादकांना सांगितलं, आजही सांगेन. पण ती अट तक्त्याखाली छापणं माझ्या हातात होतं. एक ओळ लागली असती.

तुझी नजर चांगली आहे, उगाच पत्र लिहीत बसलो नसतो. तिन्ही आकड्यांचे वेगळे आलेख कर, प्रत्येकाखाली कोण मोजलं आणि कोण सुटलं ते लिही, आणि शुक्रवारपर्यंत पाठव. आकडे मी नंतर बघेन, आधी त्या खालच्या ओळी वाचेन.